दोष वळूचा नव्हता

वळूच्या रेताचा, म्हणजे वीर्याचा, थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपला डोळा लावला की पहिले काही क्षण मी कुणाशी बोलत नाही. पंचवीस वर्षं झाली, ही सवय गेलेली नाही. काचपट्टी ३७ अंशांवर गरम करून ठेवलेली असते, कारण गार काचेवर शुक्राणू आखडतात आणि वळूला उगाच नावं ठेवली जातात. कमी शक्तीच्या भिंगातून एकेकटा शुक्राणू दिसत नाही, ढग दिसतात. पावसाआधी आभाळात ढग एकमेकांवर चढत जातात तसे काळसर लोट उठतात, वळतात, फुटतात, पुन्हा उठतात. एका थेंबात कोट्यवधी जीव रेटारेटी करत असतात, त्याची ती हालचाल. असं दिसलं की जीव भांड्यात पडतो. मग रेत पातळ करायचं, मोठं भिंग लावायचं आणि एकेकाची चाल बघायची. सरळ रेघ ओढावी तसा पुढे जातो तो चांगला. जागच्या जागी गोल फिरतो तो वाईट. नुसती शेपटी थरथरवत पडून राहतो तो गेल्यात जमा.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातात सोन्या नावाचा वळू दिला होता. रेत घ्यायचं, तपासायचं, पातळ करायचं, हे सगळं मी नव्याने शिकत होते. बाकीच्या वळूंचं काम अनुभवी माणसं करायची. सोन्याच्या रेतात ढग झकास दिसायचे, पण पातळ केलेला नमुना वीस मिनिटांनी पुन्हा बघितला की निम्मे शुक्राणू थंड पडलेले असायचे, अर्ध्या तासाने जवळपास सगळेच. आठवडाभर असंच चाललं. वळूचं वय झालंय, वरिष्ठ म्हणाले. त्याला काढून टाकण्याचा कागदसुद्धा तयार झाला. मी मान हलवली, कारण काचेवर जे दिसत होतं ते मी माझ्याच डोळ्यांनी बघितलं होतं.

प्रयोगशाळेत काचसामान धुणारे एक काका होते. त्यांनी माझ्या टेबलावरची सिरिंज उचलली, दट्ट्याच्या टोकाला बसवलेली काळ्या रबराची टोपी बोटाने दाखवली आणि विचारलं, "बाई, ही कधीपासून वापरता?" आधीच्या सिरिंज संपल्या होत्या. त्यांना रबर नव्हतं, दट्ट्या सबंध प्लास्टिकचा होता. नवीन आल्या त्या रबराच्या, आणि मी काही मनावर न घेता त्या वापरायला लागले होते. बाकीचे सगळे काचेच्या पिपेटने काम करायचे. त्याच दिवशी सोन्याच्या एका नमुन्याचे मी दोन भाग केले. एक काचेच्या नळीत ठेवला, एक सिरिंजमध्ये ओढून पंधरा मिनिटं तसाच राहू दिला. काचेतले पळत होते. सिरिंजमधले मेले होते.

रबराला लवचीकपणा यावा, ते पिकावं, म्हणून त्यात जी रसायनं घालतात ती शुक्राणूला घातक ठरतात, ही गोष्ट या धंद्यात जुनी आहे. मला ती ठाऊक नव्हती. पण त्या दिवशी मनात बसलं ते वेगळंच. आम्ही सगळे आठवडाभर वळूकडे बघत होतो. ज्या भांड्यात त्याचं बीज ठेवलं त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. आज जनावरांच्या वांझपणाबद्दल जे काही वाचते, तपासते, लोकांना सांगते, त्याच्या मुळाशी ती काळी टोपी आहे.

शुक्राणूच का इतका नाजूक? पेशीला स्वतःला सांभाळायला जे लागतं ते सगळं त्याने वाटेत टाकून दिलेलं असतं. बाकीच्या पेशींमध्ये भरपूर पेशीद्रव असतं आणि त्यात झीज भरून काढणारी, घातक रेणूंना निकामी करणारी यंत्रणा असते. शुक्राणूला पळायचं असतं, म्हणून तो हलका झालेला असतो. त्याच्या आवरणात अशी स्निग्धद्रव्यं असतात की जी चटकन खवट होतात, अगदी तेल खवट होतं तशी. डीएनए घट्ट गुंडाळलेला, मोडला तर स्वतः दुरुस्त करण्याची सोय नाही. अशा जिवापर्यंत कॅडमियम पोचो, कीटकनाशक पोचो की प्लास्टिकमधलं एखादं रसायन, तो त्याला तोंड देऊ शकत नाही. वृषणाला रक्तापासून आडोसा असतो खरा, वाटेल ते आत शिरू नये म्हणून. पण कॅडमियमसारखा धातू तो आडोसाच फोडतो.

तरीही सिरिंजमध्ये झालं ते सगळ्यात सोपं प्रकरण होतं. पंधरा मिनिटांत कारण आणि परिणाम शेजारी शेजारी दिसले. प्रत्यक्षात असं दिसत नाही. वळूच्या वृषणात मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण ६१ दिवस लागतात, पुढे अधिवृषणातून, म्हणजे शुक्राणू जिथे पक्व होतात त्या नळीतून, बाहेर यायला आणखी आठ ते अकरा. म्हणजे आज मी काचेवर बघते ती सव्वादोन महिन्यांपूर्वीची बातमी असते. कालच्या फवारणीवर संशय घेणारे मालक मला भेटतात तेव्हा मी त्यांना तारखा मागे मोजायला लावते. सत्तर दिवसांपूर्वी काय झालं होतं? गोठा रंगवला? गोचिडाचं औषध मारलं? चाऱ्याचा जुना साठा काढला? बऱ्याच जणांना आठवत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. सत्तर दिवसांपूर्वीचा दिवस कुणाच्या लक्षात राहतो?

यापेक्षाही लांबचा हिशोब आहे. वृषणातल्या ज्या पेशी शुक्राणूंना वाढवतात, दाईसारखं सांभाळतात, त्यांची संख्या जनावर वयात येण्याआधीच ठरून जाते. एक दाई ठरावीकच शुक्राणू पोसू शकते. गर्भात किंवा वासरूपणी तिच्या वाढीत काही आडवं आलं तर तो नर पुढे कितीही धष्टपुष्ट होवो, त्याचं माप तेव्हाच लहान झालेलं असतं. मादीचं तर सगळंच आधी ठरतं. कालवड आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात बीजं तयार होतात. गाय निम्मे दिवसही भरलेली नसते तेव्हा गर्भात ती लाखांनी असतात, जन्मापर्यंत बरीचशी गळतात. नंतर एकही नवीन तयार होत नाही. त्यामुळे गाभण गाईच्या पोटात पाण्यातून, चाऱ्यातून जे जातं ते एकाच वेळी तिघींना मिळतं: गाईला, पोटातल्या कालवडीला, आणि त्या कालवडीच्या पोटी पुढे कधीतरी जन्मणाऱ्या वासराला.

मला वाटलं होतं की माझी सिरिंज म्हणजे नवशिकीची चूक. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की या शास्त्रातले काही मोठे शोध अशाच भांड्यांतून लागलेत. अमेरिकेत बोस्टनला अना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे दोघे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशी इस्ट्रोजेन हे मादीचं हॉर्मोन मिळालं तरच भराभर वाढतात. एके दिवशी इस्ट्रोजेन न घालताच त्या वाढायला लागल्या. महिनोन्‌महिने शोधल्यावर सापडलं ते असं: ज्या प्लास्टिकच्या नळ्यांत द्रव ठेवत होते त्या बनवणाऱ्याने प्लास्टिकचा घटक बदलला होता आणि त्यातून नोनिलफेनॉल झिरपत होतं. १९९१ साली त्यांनी ते छापलं.

दुसरी गोष्ट पॅट्रिशिया हंट यांची. त्या उंदरांच्या बीजांडांतली गुणसूत्रं तपासत असत. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अचानक ज्या उंदरांना त्यांनी काहीच दिलेलं नव्हतं, तुलनेसाठी नुसते ठेवलेले होते, त्यांच्याच बीजांडांत गुणसूत्रं विस्कटलेली दिसू लागली. एरवी शंभरात एक-दोन, ती एकदम चाळीसच्या घरात. कुणीतरी पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी धुण्याच्या कडक द्रावणाने धुतल्या होत्या. त्याने पॉलिकार्बोनेट प्लास्टिक खाल्लं, बिस्फेनॉल-ए सुटलं आणि उंदीर ते चाटत, पीत राहिले. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी वाचत होते तेव्हा मला सोन्याच्या नावाचा तो कागद आठवत होता. त्या उंदरांनासुद्धा कुणी म्हणू शकलं असतं की वाण बिघडलंय.

ही रसायनं मारत नाहीत, हे समजायला मला वेळ लागला. विष म्हटलं की आपल्यासमोर तडफडणारं जनावर येतं. इथे जनावर खातं-पितं, वजन वाढतं, केस चमकतात. शरीरात हॉर्मोन म्हणजे निरोप. कोणत्या पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे त्या निरोपावर चालतं. नोनिलफेनॉल, बिस्फेनॉल-ए यांसारखी द्रव्यं खोटा निरोप घेऊन जातात आणि पेशी तो खरा मानून कामाला लागते. काही द्रव्यं खरा निरोप पोचूच देत नाहीत. खरं हॉर्मोनच मुळात अत्यल्प मात्रेत काम करतं, म्हणून खोट्यालाही फार लागत नाही.

किती कमी लागतं ते कॅनडात एका अख्ख्या तळ्यावर तपासलं गेलं. कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी ओंटारियोतल्या प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी एकात, २००१ ते २००३ अशी तीन वर्षं, गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं. लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे वीस कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. लोकवस्तीच्या सांडपाण्यात सापडू शकतं एवढंच ते होतं. तळ्यातले नर मासे अंड्याच्या बलकाचं प्रथिन बनवू लागले. काहींच्या वृषणात अंडी दिसली. फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे तळ्यातून जवळजवळ नाहीसे झाले. कुठेही मेलेल्या माशांचा खच पडला नाही. जे होते ते जगले, म्हातारे झाले, त्यांच्या मागून नवे आले नाहीत. वांझपणाचं विष असं काम करतं, आणि म्हणूनच ते लक्षात येत नाही.

हे सगळं माणसाच्या कारखान्यांतूनच येतं असंही नाही. एकदा एका वराहपालकाने बोलावलं. तीन-साडेतीन महिन्यांच्या माद्या, वयात यायला अजून अवकाश, आणि सगळ्यांच्या योनी लालभडक सुजलेल्या, जणू माजावर आल्यात. मोठ्या माद्यांपैकी काही माज करत नव्हत्या, दिवसही गेलेले नव्हते. मालक घाबरलेला, म्हणाला, "डॉक्टरबाई, ही कसली साथ?" मी माद्या बघितल्या आणि खाद्याच्या कोठीकडे गेले. वरचा मका स्वच्छ होता. हात कोपरापर्यंत घालून तळाच्या कोपऱ्यातला काढला तर मक्याची ढेकळं झालेली, त्यावर गुलाबी बुरशी, नाकाला ओलसर कुबट वास. फ्युझेरियम जातीची बुरशी मक्यावर झिअरालेनोन नावाचं द्रव्य तयार करते आणि डुकराच्या शरीराला ते इस्ट्रोजेनच वाटतं. शिजवून, गरम करून ते जात नाही. खाद्य बदललं, दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली. मोठ्या माद्यांना वेळ लागला.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात मेंढ्यांचं असंच झालं होतं. मेंढ्या एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरायच्या आणि गाभण राहायच्या नाहीत. गवतातल्या द्रव्याचं मेंढीच्या पोटात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात रूपांतर होत होतं. फार काळ त्यावर चरलेल्या मेंढ्या गवत बदलूनही कायमच्या वांझ राहिल्या. निसर्गातलं विषसुद्धा विषच, पण डुकरांचा मका कोठीतून काढून फेकता आला. त्या दिवशी घरी येताना मला त्याचंच बरं वाटत होतं, की या वेळी फेकण्यासारखं काही तरी हातात होतं.

डीडीटी फेकता येत नाही. त्यापासून शरीरात डीडीई बनतं, ते चरबीत बसतं आणि खाणाऱ्याकडून त्याला खाणाऱ्याकडे वर वर चढत जातं. बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटू लागली तेव्हा ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतली आणि हौशी लोकांनी जमवलेली जुनी अंडी बाहेर काढली, मापली, वजनं केली. १९४७ च्या सुमारापासून कवचं एकाएकी पातळ झाली होती. जवळपास एक पंचमांश वजन कमी. १९६७ मध्ये त्यांनी हे मांडलं. डीडीई मादीच्या कवच घडवणाऱ्या ग्रंथीत कॅल्शियम नीट पोचू देत नाही, आणि उबवायला बसलेल्या आईच्या वजनाने अंडं पिचतं. आई अंड्यावर बसते ती त्याला ऊब द्यायला. या एका गोष्टीपुढे मी अजूनही थांबते.

समुद्री शंखांचं तर वाचून विश्वास बसत नाही. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन घातलेला रंग लावत. लिटरमागे एक-दोन नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेत ते पाण्यात उतरलं तरी डॉगव्हेल्क जातीच्या शंखातल्या मादीला नराचं लिंग फुटायचं. ते वाढत जाऊन अंडी बाहेर पडण्याची वाटच बुजायची आणि मादी आत साठलेल्या अंड्यांसकट मरायची. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत कालवांची शेती याच रंगाने बसली, तेव्हा १९८२ मध्ये तिथे लहान बोटींवर त्याला बंदी आली. जगभरातल्या जहाजांवर बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं.

फ्लोरिडातल्या अपॉप्का तळ्यातले ॲलिगेटर, म्हणजे मगरीची एक जात, तेही या विषयात कायम निघतात. १९८० मध्ये तळ्याशेजारच्या कारखान्यातून डायकोफॉल आणि डीडीटी ही कीटकनाशकं सांडली. पुढे लुई गिलेट या प्राणिशास्त्रज्ञांना तिथली अंडी उबताना दिसेनात. जी पिल्लं जगली त्यातल्या नरांची लिंगं लहान होती आणि टेस्टोस्टेरॉन इतकं कमी की स्वच्छ तळ्यातल्या माद्यांएवढं.

पुनरुत्पादन म्हणजे फक्त अंडं आणि शुक्राणू नव्हे, हे जनावरांत काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. माज ओळखणं, हंबरणं, जवळ येणं, पिल्लू चाटणं, सगळं त्यात येतं. फ्लोरिडात बंदिस्त ठेवलेल्या पांढऱ्या शराटी पक्ष्यांना खाद्यातून थोडं थोडं मिथाइल पारा दिला तेव्हा नरांनी माद्यांना आकर्षित करणंच कमी केलं आणि नरानराच्या जोड्या जमू लागल्या. पिल्लं घटली. शुक्राणू तपासून हे कधीच सापडलं नसतं. मधमाशांमध्ये उलट आहे: निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं मिळालेले नर दिसायला ठीक असतात, पण त्यांच्याकडचे जिवंत शुक्राणू एका अभ्यासात ३९ टक्क्यांनी कमी भरले. राणी आयुष्यभराचे शुक्राणू सुरुवातीच्या काही उड्डाणांतच साठवते. तिला दुसरी संधी नसते.

माझ्या टेबलाच्या सगळ्यात जवळचं काम मात्र कुत्र्यांचं आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या रिचर्ड ली आणि सहकाऱ्यांनी अपंगांना मदत करणाऱ्या कुत्र्यांच्या पैदाशीतल्या नरांचं रेत २६ वर्षं एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासलं. एकच पद्धत याला किती किंमत आहे ते रोज काचपट्टी बघणाऱ्यालाच कळेल, कारण तपासणारा बदलला की आकडे बदलतात. १९८८ ते १९९८ या काळात नीट पळणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण वर्षाला अडीच टक्क्यांनी घसरलं. ज्यांची वीण नीट नव्हती असे काही कुत्रे काढून टाकले, तरी २००२ ते २०१४ दरम्यान वर्षाला १.२ टक्क्यांची घसरण चालूच होती. नर पिल्लांत वृषण खाली न उतरण्याचं प्रमाण वाढलं. रेतात, वृषणात आणि बाजारात मिळणाऱ्या कुत्र्यांच्या खाद्यातही प्लास्टिक मऊ करणारं डीईएचपी आणि पूर्वी विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं पीसीबी सापडलं. ती दोन्ही कुत्र्यांच्या रेतात मिसळून बघितली तर चाल मंदावली. कुत्रा माणसाच्या घरात राहतो, त्याच गालिच्यावर लोळतो, तीच धूळ चाटतो. म्हणून पुढच्या अभ्यासात माणसाचंही रेत शेजारी ठेवून तपासलं, आणि त्यातही तेच झालं.

पीसीबीचं नाव आलं की लुलूचं आठवतं. ही ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, जातीची मादी, काळी-पांढरी, जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटाच्या किनाऱ्यावर मेलेली आढळली. मासेमारीच्या दोरात अडकून मेली होती. वय किमान वीस. सागरी सस्तन प्राण्यांच्या चरबीत किलोमागे नऊ मिलिग्रॅमच्या पुढे पीसीबी गेलं की अपाय सुरू होतो असं धरतात. लुलूच्या चरबीत ९५७ होतं. तिचं अंडाशय उघडून बघितलं. व्हेलच्या अंडाशयावर प्रत्येक वेळी बीज सुटल्याचा वण आयुष्यभर राहतो, गाईसारखा विरून जात नाही. लुलूचं अंडाशय कधी कामाला लागल्याची खूणच नव्हती. मी हजारो गाईंची अंडाशयं बोटांनी चाचपली आहेत. वीस वर्षांच्या मादीचं अंडाशय असं गुळगुळीत, न वापरलेलं, कसं लागत असेल हे माझ्या बोटांना कळतं.

तिच्या कळपात निरीक्षण सुरू झाल्यापासून एकही पिल्लू झालेलं नव्हतं. पीसीबीच्या उत्पादनावर अमेरिकेत १९७९ मध्येच बंदी आली, इतर देशांतही पुढेमागे. पण ते तुटत नाही. ऑर्का मादी चरबीत साठलेलं पीसीबी दुधावाटे पिल्लाला देते, आणि पहिल्या पिल्लाच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं. आईचं ओझं तेवढं हलकं होतं. नराला ही वाट नाही, त्याच्यात ते मरेपर्यंत साठत राहतं.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर उद्यापासून मला फोन येतील की गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की पाण्यात विष आहे. गाय उलटण्याची बहुतेक कारणं साधी असतात. माज चुकीच्या वेळी ओळखला जातो, खनिजं कमी पडतात, गर्भाशयात जंतू असतात, व्यायल्यावर वार अडकलेली असते. ती आधी बघायची. सगळं तपासून झाल्यावर, आणि एकाच गोठ्यात, एकाच खाद्यावर, एकाच पाण्यावर अनेक जनावरांना एकच त्रास दिसल्यावर, जनावरांकडची नजर काढून भांड्यांकडे वळवायची. पाणी कशात साठवता? औषधाचे जुने डबे खाद्याला वापरता का? बॅटऱ्या कुठे टाकता? गाय चाटून चाटून शिसं पोटात घेते, हे मी पाहिलेलं आहे. साठवणीतला चारा तळापासून काढून दाखवा. हे प्रश्न मी आता जनावरांच्या नोंदीच्या प्रत्येक कार्डावर छापून घेतलेत.

आणि थांबवलं तर परत येतं, हेही पाहिलंय जगाने. जहाजांचा तो रंग बंद झाल्यावर डॉगव्हेल्क शंख ओसाड किनाऱ्यांवर पुन्हा दिसू लागले. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि १९९९ मध्ये बहिरी ससाण्याचं नाव तिथल्या धोक्यात आलेल्या जातींच्या यादीतून निघालं. कॅनडातल्या तळ्यात इस्ट्रोजेन टाकणं थांबवल्यावर काही वर्षांत छोटे मासे पुन्हा भरले. लुलूच्या कळपासाठी मात्र बंदी उशिरा पोचली.

सोन्याला काढून टाकायचा कागद मी स्वतः वरिष्ठांसमोर नेला आणि सिरिंजसकट टेबलावर ठेवला. तो पुढे सहा वर्षं कामात होता. त्याच्या वंशातली एक गाय गेल्या आठवड्यात पहाटे व्याली. कालवड झाली, ओली, कान लोंबणारे, पहिल्या पाऊण तासात उभी राहिली आणि आईची कास शोधत पुढच्या पायांकडेच ढुशा देत राहिली. तिच्या आयुष्यभराची बीजं तिच्या पोटात आहेतच. मी कार्ड काढलं, आई गाभण राहिल्याची तारीख लिहिली, आणि मालकाला बसवून नऊ महिने मागे जायला सांगितलं: पाणी कुठलं होतं, चारा कुठून आला, गोठ्यात काय काय मारलं. त्याला बरंच आठवलं. लिहायला दोन कार्डं लागली.